पुलाला लावलेली पेन्सिल

आत्याच्या पेन्सिलीने त्या गावातली किती नाकं सरळ केली, किती मुरुमं मिटवली आणि किती दुहेरी हनुवट्या एकेरी केल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही. ठेवली नाही ते बरंच झालं, नाहीतर निम्म्या गावाला तोंड लपवायला जागा पुरली नसती. बाजाराच्या रस्त्यावर तिच्या भावाचा, म्हणजे दादाचा, फोटो स्टुडिओ होता. खाली दादा फोटो काढायचा, आणि माळ्यावर, खिडकीजवळच्या तिरक्या काचेच्या मेजापाशी, आत्या त्या फोटोंच्या निगेटिव्ह दुरुस्त करायची. या कामाला रिटचिंग म्हणतात. पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं, काचेखाली दिवा लावायचा, डोळ्यासमोर भिंग धरायचं, आणि निगेटिव्हवर जिथे सुरकुती किंवा डाग असेल तिथे श्वास रोखून बारीक बारीक ठिपके द्यायचे. जिथे पेन्सिल चालत नाही तिथे पात्याच्या टोकाने हलकेच खरवडायचं. ठिपका जरा मोठा पडला की माणसाला देवी आल्यासारखं दिसतं, आणि पातं जरा जोरात लागलं की गालाला भोक पडतं. आत्याच्या हातून असं कधी झालेलं कुणी पाहिलं नाही.

ती दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी खनपटीला बसून विचारलंच, तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची आणि विचारणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडे अशा नजरेने बघायची, की तो मुकाट्याने विषय बदलायचा. दादाची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून गिऱ्हाईकं म्हणू लागली, आणि मग सगळं गावच. मुलं मोठी होऊन लांब गेली, आत्या मात्र सगळ्यांची आत्याच राहिली. फक्त दादा तिला खोडरबर म्हणायचा.

कारण दादाचं आणि तिचं कामावरून कधीच पटलं नाही. दादा जुन्या वळणाचा फोटोग्राफर. उजेड एका बाजूने घ्यायचा, दुसरी बाजू अंधारात सोडायची, म्हणजे चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उठून दिसते, हे त्याचं शास्त्र. "मी माणूस उभा करतो आणि ही त्याला इस्त्री करते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आत्या वरून उत्तर द्यायची, "तू माणूस उभा करतोस ते ठीक आहे, पण तो घरी गेल्यावर बायकोने ओळखून दार उघडायला हवं ना." गिऱ्हाईक नेहमी आत्याच्या बाजूचं. पैसे देऊन स्वतःच्या सुरकुत्या विकत घ्यायला कोण येतं? शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या दोन भुवयांमधली जन्माची आठी आत्याने काढून टाकली, तर बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो फोटो शाळेत लावला. पोरं बरेच दिवस विचारत होती, या कोण म्हणून.

पण तिची थट्टाच करत बसलो तर अन्याय होईल. एकदा एक विधवा बाई नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन आली. फोटो बरोबर डोळ्यावर फाटलेला. दादाने हात टेकले. आत्याने तो फोटो ठेवून घेतला आणि त्या बाईला रोज बोलावून समोर बसवलं. ते हसायचे कसे, रागवायचे कसे, चष्मा काढल्यावर डोळे बारीक करायचे का, असं विचारत विचारत तिने तो डोळा नव्याने तयार केला. बाईने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "आता काहीतरी बोलतील असं वाटतंय." त्या दिवशी दादाने बहिणीला खोडरबर म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पण त्या दिवशी नाही.

मग एका दुपारी, गिऱ्हाईकाची हनुवटी जरा वर करायला सांगता सांगता, दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं तुटक झालं, आणि तोंड उजवीकडे खाली ओढलं गेलं. त्याची खाट स्टुडिओच्या वरच्या खोलीत टाकली. डॉक्टर म्हणाले, यांना घरात कोंडून ठेवू नका, खुर्चीवर बसवून बाहेर न्या, माणसांत राहिले तर बोलणं सुधारेल. चाकांची खुर्ची आणली. ती जिन्याखाली पडून राहिली, कारण दादा जिना उतरायला तयार नव्हता.

पायाचं निमित्त होतं. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी भेटायला आलं की दादा भिंतीकडे कूस बदलायचा आणि झोपल्याचं सोंग घ्यायचा. आरसा त्याने स्वतःच डाव्या हाताने पालथा घातला होता. जन्मभर ज्याने लोकांची तोंडं न्याहाळली, त्याला आपल्या तोंडाकडे कुणी बघितलेलं नको होतं. आत्याला त्याचा राग यायचा आणि राग आल्याबद्दल पुन्हा वाईट वाटायचं. दादाचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जे आता परत आलं नाही ते पुढे येणार नाही. तेव्हापासून आत्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, दादाला तो जिना उतरवायचा.

त्याच सुमाराला पालिकेचे इंजिनिअर स्टुडिओत आले. हे गृहस्थ सडसडीत, बोलायला मऊ, आणि स्वभावाने इतके काळजीखोर की स्वतःच्या चपला दाराबाहेर काढल्यावर दोनदा मागे वळून बघायचे. नदीवरचा जुना रेल्वेचा पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी खुला होणार होता. गाड्या केव्हाच खालच्या अंगाच्या नव्या पुलावरून जायला लागल्या होत्या. जुन्या पुलावरचे रूळ उखडून जाड फळ्या टाकल्या होत्या, कठडे बसवले होते, दिवे लावले होते. पुलाच्या तोंडाशी जी भिंत होती, तिच्यावर पुलाचा भिंतभर मोठा फोटो लावायचा होता. ते काम झटका येण्याआधीच दादाने घेतलं होतं. आता काय करायचं, हे विचारायला इंजिनिअर आले होते.

वहिनी नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला, "होईल."

"अहो वन्सं, होईल काय? काढणार कोण?"

"मी."

इतकी वर्षं स्टुडिओत काढून आत्याने कॅमेऱ्याचं बटण कधी दाबलं नव्हतं. घरातली वाटणीच तशी होती. तो हिच्या पेन्सिलींना हात लावायचा नाही, ही त्याच्या कॅमेऱ्याला. पण आत्याचा हिशेब वेगळाच होता. आपण कॅमेऱ्याला हात लावतोय हे कळलं की दादाच्या अंगाचा तिळपापड होईल, आणि त्या तिरीमिरीत तो खाली येईल, असं तिला वाटत होतं.

ती दादाच्या खोलीत गेली आणि त्याला मुद्दाम ठसक्यात सांगितलं, "तुझा मोठा कॅमेरा घेऊन मी पुलावर चालले."

दादाने छताकडे बघत एकच शब्द उच्चारला. "ने."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. आता माघार घेता येईना.

मोठा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिला पुढे कातडी भाता, आणि खाली माणसाच्या छातीएवढी तिपाई. भिंतभर फोटो काढायचा तर त्याच्याशिवाय इलाज नव्हता. डोक्यावर काळं फडकं घेऊन मागच्या काचेत बघायचं, तिथे सगळं उलटं दिसतं. मग मागे फिल्मची चपटी पेटी सरकवायची आणि लांब वायरचं बटण दाबायचं. हे सगळं दादाने तिला खाटेवरून शिकवलं. शब्द मोजके, बाकी डाव्या हाताच्या खुणा. शेजारचा सायकल दुरुस्तीवाला, अंगाने दणकट आणि डोक्याने थंड, तिपाई खांद्यावर टाकून तिच्याबरोबर जायला लागला.

पूल देखणा होता. दगडी खांबांवर लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांची लांबच लांब जाळी, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला काढलेले छोटे सज्जे. गाडी आली की पुलावर काम करणारी माणसं पूर्वी या सज्ज्यांत अंग चोरून उभी राहायची. आता तिथे बाकं ठेवली होती, आणि उद्घाटनाची वाट न बघता लोक ये-जा करू लागले होते, म्हातारी माणसं तर जागाही धरू लागली होती. पण आत्याला यातलं काही दिसलं नाही. तिला दिसले ते डाग. पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटच्या प्रत्येक डोक्याखाली गंजाचा ओघळ. कबुतरांची कर्तबगारी जिकडे तिकडे. रेल्वेने घातलेले जुने आकडे, नव्या रंगातून अर्धवट डोकावणारे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, जवळच्या टोकाकडचा एक उभा खांब वाकलेला, कधीकाळी मालगाडीचा उघडा राहिलेला दरवाजा त्याला घासत गेला म्हणून. त्याला सावरायला एक लांबलचक जोडपट्टी रिव्हेट मारून बसवलेली. तिचा रंगही बाकीच्या पुलाशी जुळत नव्हता. असली पट्टी घेऊन हा पूल फोटोला उभा राहतो म्हणजे कमालच, असं आत्याला वाटलं.

मग तिने आपल्या परीने उपाय केला. ऊन असलं की डाग दिसतात, म्हणून ती ढगाळ दुपारची वाट बघत बसली. तसा उजेड मिळाल्यावर फोटो काढला, स्वतः डार्करूममध्ये धुतला आणि वर नेला. दादाने तो डाव्या हाताने खिडकीसमोर धरला.

"हा पासपोर्ट," तो म्हणाला.

दुसरा फोटो एका बाजूला कलला होता. "नदी... सांडली." तिसऱ्यात काळ्या फडक्याचं टोक आलं होतं, चौथ्यात एक सायकल अर्धी, पाचवा हलला होता. दादा चिडायचा. चिडला की शब्द जास्त लागायचे, आणि शब्द शोधता शोधता सापडायचेही. एकदा तर त्याने सलग एक अख्खं वाक्य बोलून दाखवलं, आणि त्यात तिच्या अकलेविषयी दोन विशेषणं होती. वहिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती, तिने डोळ्यांना पदर लावला. फोटो जितका वाईट, तितका दादा बरा, असं चाललं होतं. मुद्दाम वाईट काढायची गरज आत्याला कधी पडली नाही.

पण जिना तो उतरेना. आणि पूल उघडायचा दिवस जवळ आला.

शेवटी आत्याने त्यातल्या त्यात सरळ आलेली निगेटिव्ह निवडली आणि आपल्या काचेच्या मेजावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला आपला हात परत मिळाल्यासारखं वाटलं. गंजाचे ओघळ तिने पेन्सिलीने भरून काढले. आकडे पुसले. कबुतरांच्या खुणा पात्याने एकेक करून उडवल्या. मग त्या जोडपट्टीवर आली. पट्टी खरवडली, रिव्हेट मिटवले, आणि त्याच हाताने वाकलेला खांबही सरळ करून टाकला. नववधूचं काम करताना ती जशी गुणगुणायची तशी गुणगुणत होती. छापलेला फोटो बघून ती स्वतःवर खूश झाली. दादाला दाखवायचं धाडस मात्र झालं नाही. तिने तो परस्पर पालिकेत पाठवून दिला.

इंजिनिअरांनी फोटो टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, आणि पुन्हा वाकून बघितलं. जोडपट्टी जागेवर नव्हती. नुकतेच कठड्याचे दोन गज चोरीला गेले होते, त्यामुळे त्यांच्या मनात दुसरा विचारच आला नाही. त्यांनी तडक फोन फिरवून पुलाची दोन्ही टोकं बंद करायला लावली, शिड्या आणि फिटर घेतले आणि भर दुपारी पुलावर पोचले. सज्ज्यांतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून उठवलं. एवढं करून बघतात तर पट्टी जिथल्या तिथे. इंजिनिअरांनी ती हाताने चाचपली. फिटरने हातोडी मारून वाजवली. मग फोटो काढून पुन्हा बघितला, तर त्यात पट्टी नाहीच. खांबही सरळ. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

तिथून ते थेट स्टुडिओत आले, घामाने डबडबलेले. चपला काढल्या, पण या वेळी मागे वळून बघायचं विसरले. त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला.

"बाई, ही पट्टी कुठे गेली?"

"मी काढली," आत्या म्हणाली. "फार वाईट दिसत होती."

"अहो, ती काढली तर पूल पडेल."

"फोटोतला नाही पडत."

इंजिनिअरांनी कपाळाला हात लावला. वहिनी तोंडात पदर कोंबून आत पळाली. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. घशात काही अडकल्यासारखा, मग घुसमटल्यासारखा, मग मोठा. आत्या जिना चढत धावली, मागून वहिनी, आणि काळजीखोर माणूस तो, इंजिनिअरही मागोमाग.

दादा हसत होता. खाटेवर अर्धा उठून, डाव्या हाताने गुडघा बडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. जिन्यातून सगळं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं. चेहऱ्याचा डावा भाग हसत होता, उजवा जिथल्या तिथे होता. "पुलाला," तो म्हणाला, "पुलाला... पेन्सिल." आणि पुन्हा हसायला लागला. इंजिनिअर दारात उभे राहून आधी गोंधळले, मग तेही हसले. कितीतरी दिवसांत दादा परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बसला होता, आणि हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

लक्षात आलं तसा त्याने चेहरा फिरवला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. इंजिनिअर उद्घाटनाआधी फोटो हवा एवढं हळूच सांगून निघून गेले.

वहिनी खाली गेली. आत्या गेली नाही. ती खाटेच्या काठावर बसली आणि भिंतीकडे फिरलेल्या त्या पाठीशी बोलली.

"तुझं तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली. "मी रोज बघते. मला काय झालंय?"

तिने त्याच्या खांद्यावरची चादर सारखी केली.

"लोक बघतील. दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांना त्यांची कामं आहेत. तू काय एवढा देखणा होतास का, की गावाने छाती पिटावी?"

भिंतीकडून आवाज आला. "फोटोखाली... नाव कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? स्टुडिओचं. म्हणजे तुझंच."

दादाने डाव्या हाताने चादर बाजूला केली. "तो... गुळगुळीत... साबणाची वडी... माझ्या नावाने?" त्याला धाप लागली. "उद्या. सकाळी. उन्हाआधी. खुर्ची काढ."

आत्या लगेच उठली. काही बोलली तर हा पठ्ठ्या बेत बदलेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली येऊन तिने जिन्याखालची खुर्ची ओढली. तिच्या टायरमध्ये हवा नव्हती.

सकाळी सायकलवाल्याने हवा भरली, दादाला पाठकुळी घेतलं आणि जिना उतरून अलगद खुर्चीत ठेवलं. दादाने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. रस्त्यात दूधवाला थांबला. "कधी आलात खाली?" त्याने विचारलं, उत्तराची वाट न बघता तब्येत सांभाळा म्हणाला आणि पुढे गेला. कापडवाल्याने दुकानाचं दार अर्धं वर करून हात केला. प्रत्येक वेळी दादा आखडून जायचा, आणि प्रत्येक वेळी आत्या खुर्ची जरा जोरात ढकलायची.

पुलाच्या फळ्यांवर चाकं खडखडली. दादाने चौफेर बघितलं, डोळे बारीक केले आणि डावा हात वर केला. कॅमेरा या सज्ज्यात. नाही, आणखी मागे. तिपाई खाली. आणखी खाली. आत्याने फडकं डोक्यावर घेऊन काचेत बघितलं तेव्हा नुकतं ऊन उगवत होतं. ते आडवं आलं आणि जे जे लपवायला तिने ढगांची वाट बघितली होती, ते सगळं उठून उभं राहिलं. प्रत्येक रिव्हेटला स्वतःची सावली मिळाली. ओघळ, आकडे, वाकलेला खांब, त्याला घट्ट धरून बसलेली जोडपट्टी. इतक्या मोठ्या, इतक्या कष्टाळू वस्तूला आपण नववधू करायला निघालो होतो, याची तिला लाज वाटली. इतक्या वर्षांत दादाचं कधी मान्य केलं नव्हतं, ते त्या फडक्याखाली तिने मनातल्या मनात मान्य केलं. मोठ्याने म्हणायची गरज तिला वाटली नाही.

"माणूस हवा," दादा म्हणाला. "नाहीतर... पूल केवढा... कळणार कसं?"

सायकलवाला हौसेने जाऊन उभा राहिला. पण तो छाती फुगवून असा ताठ झाला की सलामी घ्यायला कुणी येतंय असं वाटावं, आणि श्वास कोंडून लालबुंद झाल्यावर हलायचाच. चालणारे तर थांबेचनात. उजेड सरकत होता. दादा चरफडत होता.

"मला ने," तो म्हणाला.

"कुठे?"

"तिथे. पट्टीखाली. हलायचं नाही... एवढंच... मला जमतं आता."

सायकलवाल्याने खुर्ची नेऊन वाकलेल्या खांबाखाली लावली आणि बाजूला झाला. आत्या पुन्हा फडक्याखाली गेली. काचेत दादा उलटा दिसत होता, एवढासा, एवढ्या मोठ्या पुलावर. तिने बघितलं, त्याने डाव्या हाताने मफलर सोडला, गळ्यातून काढला आणि मांडीखाली सरकवला. मफलर काळा होता. चेहरा त्यात हरवला असता, आणि फोटोत चेहरा हरवणं दादाला कधी खपलं नव्हतं. आडवा उजेड त्याच्या तोंडावर पडला, सरळ बाजूवर आणि खाली ओढलेल्या बाजूवर सारखाच.

आत्या रडली. काळ्या फडक्याखाली रडण्याची सोय फार चांगली असते, कुणाला दिसत नाही. मग तिने डोळे पुसले, फिल्म सरकवली, फडक्याबाहेर येऊन वायर हातात घेतली आणि दाबली.

दादा परत वर गेला नाही. फोटो वाळेपर्यंत मी इथेच बसणार, म्हणाला, आणि काउंटरशेजारी खुर्ची लावायला लावली. आत्याने निगेटिव्ह धुतली, फोटो छापला आणि ओला असतानाच तिला कळलं, की असा फोटो त्या स्टुडिओतून कधी निघाला नव्हता. वहिनीने इंजिनिअरांना निरोप धाडला. ते आले, फोटोकडे बघत बराच वेळ उभे राहिले. आधी पट्टी बघितली, रिव्हेट एकेक करून मोजले, समाधान पावले. मग आत्याला जरा बाजूला घेतलं. स्टुडिओ तो केवढा, बाजूला घेऊन बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

"फोटो फारच सुंदर आहे. फक्त एक विनंती. भिंतभर मोठा होणार, सगळं गाव बघणार. दादांचं तोंड तेवढं जरा सरळ करता येईल का? तुमच्या हातचाच मळ आहे. त्यांनाही बरं वाटेल."

माणूस चांगला होता, चांगल्या मनानेच म्हणत होता. आणि ते अगदी खरं होतं, दुपारच्या चहाआधी झालं असतं. असे किती ओठ तिने सरळ केले होते. ते सगळे परक्यांचे होते आणि त्यांनी मागितलं होतं. काय करावं हे तिला पहिल्यांदाच कळेना. म्हणून ती गिऱ्हाईकाला विचारायची तशीच दादासमोर येऊन उभी राहिली.

"ओठ सरळ करून देऊ का?"

दादाने फोटो मांडीवर घेतला. डाव्या हाताने भिंग उचललं. इतक्या दिवसांत त्याने स्वतःचं तोंड बघितलं नव्हतं, ते आता बघितलं, अगदी सावकाश, कुणा दुसऱ्याचं असावं तसं. वहिनी आतल्या दारात येऊन थांबली होती. इंजिनिअर चपलांकडे बघत होते.

"ओठ राहू दे," दादा म्हणाला. मग भिंग वर सरकवलं आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे आभाळात धुळीचा कण आलाय. तो काढ."

आत्याने ब्रश आणला, टोक ओठांत धरून ओलं केलं, आणि दादाच्या खुर्चीला खुर्ची लावून कामाला बसली.